नॅनो सिल्व्हर थेंब (१०० मिली): मासे वाचले, मोइना गेल्या

पाचपैकी एक तारा. तोही माशांच्या टाकीचा कुबट वास या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या थेंबांनी खरंच गेला म्हणून.

मी मिरजेत राहते. बावीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, आता गच्चीवर फायटर माशांची पिल्लं वाढवते. पिल्लांना जिवंत खाणं लागतं, म्हणून हिरव्या पाण्याच्या तीन टबांत मोइना ठेवल्यात. मोइना म्हणजे डॅफ्निया या पाणपिसवेची धाकटी बहीण. मोहरीएवढीही नसते, झटके देत पोहते.

बाटलीवर लिहिलंय, ‘शुद्ध चांदी, मासे व वनस्पतींना सुरक्षित’. चांदी किती, कण केवढे, याचा पत्ता नाही. प्रमाण दहा लिटरला दोन थेंब. तेवढेच टाकले. मासे मजेत होते. चौथ्या दिवशी टाकीचं बदललेलं पाणी नेहमीसारखं एका टबात ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च मारला तर पाण्यात कसलीच हालचाल नाही. तळाशी पांढुरका थर, तो सगळा मोइनांचा.

मला वाटलं, उन्हाने असेल. म्हणून नीट तपासलं. दुसऱ्या टबातल्या दहा-दहा मोइना अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बरण्यांत घेतल्या. एक थेंब लिटरभर पाण्यात मिसळून त्यातलं ५० मिली एका बरणीच्या अर्ध्या लिटरात धरलं, म्हणजे बाटलीवरच्या प्रमाणाच्या निम्मंच. प्रयोगशाळेतही डॅफ्नियाची चाचणी साधारण अशीच होते: एका दिवसाच्या आतली पिल्लं घ्यायची आणि ४८ तासांत किती हलायची थांबतात ते मोजायचं. माझ्याकडे ४८ तासांनी औषधाच्या बरणीत नऊ थांबलेल्या. साध्या बरणीतल्या दहाही जिवंत, वर दोघींनी पिल्लं घातलेली.

थांबलेल्यांतली एक काचेवर घेऊन भिंगाखाली धरली. ज्या मिशांनी ती पोहते त्या दोन्ही निश्चल. पाठीशी हृदय मात्र अजून फडफडत होतं. ते बघून फार वाईट वाटलं.

विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, “मॅडम, आपण बाळाला चांदीच्या वाटीतून पाजतो की!” वाटीची चांदी वेगळी आणि ही वेगळी. एक मिलिमीटरचा चौकोनी कण घेऊन त्याचे दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, तर चांदी तेवढीच राहते, पण पृष्ठभाग एक लाख पट होतो. त्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पाण्यात सुटतात. गोड्या पाण्यातल्या जीवाच्या अंगातलं मीठ सतत बाहेर झिरपत असतं, ते त्याला पाण्यातून पुन्हा ओढून घ्यावं लागतं. सोडियम ओढणारी ही यंत्रणाच चांदीचे आयन बंद पाडतात. त्यातून मोइना आणि डॅफ्निया दिवसभर पाणी गाळून खातात, त्यामुळे तरंगणारे कणही त्यांच्या आतड्यात साठतात. डॅफ्नियाला तर लिटरमागे काही मायक्रोग्रॅम चांदीही मारक ठरते. मोठा मासा तेवढ्यात तगला म्हणून ‘सुरक्षित’ छापणं मला पटत नाही. मासा जे खातो त्याचं काय?

आणि ही गोष्ट बरणीपुरती नाही. कॅनडात ओंटारिओमधल्या प्रयोगासाठी राखलेल्या २२२ क्रमांकाच्या तलावात २०१४ आणि २०१५ साली मुद्दाम नॅनो सिल्व्हर सोडून पाहिलं. पुढे तिथल्या पिवळ्या पर्च माशांची संख्या घटली. आपल्याकडे टाकीचं पाणी मोरीतून गटारात आणि गटारातून नदीत जातं. आमची मोरी कृष्णेकडेच वाहते.

पॅकिंग चांगलं आहे, ड्रॉपर गळत नाही, घरपोच तीन दिवसांत आलं. पण ज्यांच्याकडे मोइना, डॅफ्निया किंवा कोळंबीची पिल्लं आहेत त्यांनी हे घेऊच नका. वासासाठी फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या आणि खाणं कमी टाका. माझ्या टाकीचा वास खरं तर उरलेल्या खाण्याचाच होता.

उरलेली बाटली मोरीत ओतली नाही. झाकणावर टेप लावून ठेवली आहे, परत घ्या म्हणून विक्रेत्याला दोनदा लिहिलंय.