ठाण्यात फोर-के एडिटिंग आणि गेमिंगचा पीसी: पावसाळा आणि हिवाळा काढल्यावरचा अनुभव

हा पीसी मी २०२५च्या पावसाळ्याच्या तोंडावर जोडून घेतला आणि तेव्हापासून तो जवळजवळ रोज चालतो आहे. दिवसा एडिटिंग, रात्री गेम. पार्ट्सच्या आधी काम सांगते, कारण माझं ठाम मत आहे की असा पीसी घेताना सुरुवात प्रोसेसरपासून नाही, कॅमेऱ्यापासून करायची. दुकानात मात्र पहिला प्रश्न असतो बजेटचा, आणि कॅमेऱ्याचा विषय निघतच नाही.

मी कथक-भरतनाट्यमचे कार्यक्रम आणि हौशी संस्थांची नाटकं शूट करते. बरंचसं काम घाणेकर नाट्यगृहातलं, काही गडकरी रंगायतनमधलं. तीन सोनी कॅमेरे, फोर-के, सेकंदाला ५० फ्रेम्स, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत), १०-बिट ४:२:२. यातला शेवटचा आकडा सगळ्यात जड. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:०च्या दुप्पट असते; लाल-निळ्या स्टेज लाइटमध्ये चेहऱ्याचा रंग सावरायचा तर ती हवीच. पण एच.२६५ मध्ये बहुतेक फ्रेम्स पूर्ण साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेम्सवरून त्या पुन्हा उभ्या कराव्या लागतात. तिहाई (तीनदा घेतलेला बोल) संपून सम (तालाची पहिली मात्रा) येते नेमक्या तिथे कट बसवायला प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) सारखा पुढे-मागे न्यावा लागतो, आणि दर वेळी हे काम तिन्ही कॅमेऱ्यांसाठी होतं. त्यासाठी चिपमध्ये खास सोय नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअर्सवर येतो आणि कितीही महागडा प्रोसेसर असला तरी टाइमलाइन अडखळते.

एनव्हिडियाच्या ४०-सीरिजमध्ये ही ४:२:२ची सोय नव्हती. २०२५च्या सुरुवातीला आलेल्या ५०-सीरिजमध्ये ती आली. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एच.२६५ ४:२:२ अकराव्या पिढीपासूनच आहे. म्हणून माझी जोडी ठरली कोअर अल्ट्रा ७ २६५के आणि आरटीएक्स ५०७० टीआय. एएमडीचा रायझन प्रोसेसर नको म्हणून नव्हे. निव्वळ गेमिंगसाठी विचाराल तर मी आजही एक्सथ्रीडीवाला (जास्तीच्या कॅश मेमरीचा) रायझनच सांगेन. पण या जोडीत डिकोडिंगसाठी, म्हणजे दाबलेल्या फ्रेम्स उलगडण्यासाठी, दोन वेगळ्या वाटा मिळतात. २६५के घेताना एक अक्षर नीट बघा. शेवटी ‘केएफ’ असेल तर अंगभूत ग्राफिक्स बंद असतं. थोडे पैसे वाचतात आणि ज्यासाठी इंटेल घ्यायचा तेच हातातून जातं. शिवाय ग्राफिक्स कार्ड लावल्यावर काही मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ते चालू ठेवावं लागतं.

५०७० ऐवजी ५०७० टीआय का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मेमरी १२ जीबीऐवजी १६ जीबी, आणि एन्कोडर (एक्स्पोर्टच्या वेळी व्हिडिओ दाबणारा भाग) एकाऐवजी दोन. नाट्यगृहात प्रकाश कमी, म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवावा लागतो, चित्रात दाणे येतात, म्हणजे ते काढणारं नॉइज रिडक्शन आलंच. दाविंची रिझॉल्व्ह या माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोर-केवर टेम्पोरल (आजूबाजूच्या फ्रेम्स पडताळून केलेलं) नॉइज रिडक्शन लावलं की ग्राफिक्स मेमरी भराभर भरते. १६ जीबीत माझं काम भागतं. एकाच क्लिपवर दोन-तीन जड इफेक्ट चढवले तर तीही अपुरी पडल्याची सूचना येते. रिझॉल्व्हचं स्टुडिओ लायसन्स बजेटमध्ये धरा. नॉइज रिडक्शन फुकटच्या आवृत्तीत नाही, आणि विंडोजवर १०-बिट ४:२:२ साठीही स्टुडिओच लागतं. पैसे एकदाच भरायचे, दरवर्षीची वर्गणी नाही, म्हणून मला ते पटलं.

गेमचं म्हणाल तर फोर-के म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या बरोबर चौपट. एवढे पिक्सेल रंगवताना दम ग्राफिक्स कार्डाचा निघतो, त्यामुळे प्रोसेसरांमधला जो फरक १०८०पीवर डोळ्यांत भरतो तो इथे बराच बुजतो. सायबरपंक २०७७ मध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखे प्रकाश-सावल्या काढणं) आणि डीएलएसएस क्वालिटीवर मला साठच्या आसपास फ्रेम्स मिळतात. डीएलएसएस क्वालिटी म्हणजे आतून चित्र १४४०पीचं बनतं आणि मग फोर-केला नेलं जातं. चालत्या खेळात मला फरक ओळखता येत नाही. पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचा आणखी जड प्रकार) लावलं तर फ्रेम जनरेशनशिवाय (कार्डाने मधल्या फ्रेम्स स्वतः बनवल्याशिवाय) गाडी साठच्या खाली येते, आणि फ्रेम जनरेशनने आकडा वाढला तरी माउसचा प्रतिसाद तेवढा तरतरीत लागत नाही. मी पाथ ट्रेसिंग बंदच ठेवते.

मॉनिटर ३२ इंची, फोर-के, १४४ हर्ट्झ, आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार). ओलेडचा काळा रंग पाहून मोह झाला होता. पण रिझॉल्व्हची टाइमलाइन आणि स्कोप्स (रंग-प्रकाशाचे आलेख) दिवसभर एकाच जागी असतात, आणि अशा स्थिर चित्राचा डाग ओलेडवर कायमचा उमटू शकतो. फक्त गेम आणि सिनेमे असते तर ओलेडच घेतला असता.

एसएसडीवर दुकानात बराच वेळ गेला. “मॅडम, एडिटिंग आहे ना, मग जेन-फाइव्हच घ्या.” जेन-फाइव्ह म्हणजे जेन-फोरच्या पुढची, जास्त वेगवान पिढी. पण साधा हिशेब करा. माझा एक कॅमेरा सेकंदाला २०० मेगाबिट लिहितो, म्हणजे २५ मेगाबाइट. तीन कॅमेरे एकदम चालवले तरी ७५. जुनी साटा एसएसडीसुद्धा ५०० देते. जेन-फोरच्या दोन घेतल्या, एक विंडोज आणि गेमसाठी, एक चालू प्रोजेक्टसाठी. वाचलेले पैसे यूपीएसमध्ये घातले. रॅम ६४ जीबी, डीडीआर-५, दोनच स्टिक. चार स्टिक लावल्या की वेग खाली आणावा लागतो. तेव्हा आवाक्यातलं ते किट नंतर दुपटीहून महाग झालं, कारण २०२५च्या शेवटाकडे रॅमचे भाव भडकले. आत्ता घेणाऱ्यांनी ३२च्या दोन स्टिक परवडत नसतील तर १६च्या दोन घेऊन काम सुरू करावं.

आता ज्याबद्दल परीक्षणांमध्ये काहीच सापडत नाही ते. मी घोडबंदर रोडला राहते. मेट्रोचं काम, दोन्ही बाजूंना उभे राहणारे टॉवर, आणि खिडकी तासभर उघडी राहिली तरी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. कॅबिनेट घेताना रंगीत लाइट बघू नका, पुढची जाळी सहज निघते का ते बघा. माझ्यात पुढे तीन पंखे हवा आत घेतात, मागे एकच बाहेर टाकतो. आत हवेचा दाब किंचित जास्त राहतो, त्यामुळे फटींतून धूळ शिरत नाही. जी येते ती जाळीवर अडते. जाळी पंधरवड्याला धुते. दिवाळीनंतर कॅबिनेट उघडलं तेव्हा ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांवर नुसता पातळ थर होता.

पावसाळ्यात वीज जाणं आणि दिवे मिणमिणणं आलंच. ८५० वॅटचा चांगला एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) आहे, पण यूपीएस निवडताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, यूपीएसवर छापलेले व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. १५०० व्हीएचा यूपीएस अनेकदा ९०० वॅटचाच असतो. दुसरी, आजच्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसच्या पायरीपायरीच्या लहरीवर ते ऐन वेळी बंद पडू शकतं. म्हणून प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, घेतला. एक्स्पोर्ट चालू असताना वीज गेली तरी काम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. अर्थिंग मात्र आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

प्रोसेसर पूर्ण मोकळा सोडला तर २५० वॅटपर्यंत खेचतो. मी बायोसमध्ये मर्यादा १६० वॅटवर आणली. एक्स्पोर्टला जरा जास्त वेळ लागतो, पण एअर कूलरवर भागतं आणि आवाज कमी, जो मला साउंड लावताना महत्त्वाचा वाटतो.

तक्रारी आहेत. ग्राफिक्स कार्डातून जास्त फ्रेम्सवर बारीक किरकिर येते. फ्रेम्स १२०वर बांधल्या की थांबते. ऐंशी हजारांच्या आसपास घेतलेल्या वस्तूत ती नसायला हवी होती. दुसरी, इंटेलच्या या सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) पुढे चढायला फार वाव नाही. एएमडीने आपल्या एएम-५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं सांगितलं आहे. दर दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलणाऱ्यांनी हे मनात धरूनच ठरवावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेत असाल तर जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे ना हे कार्डाचं खोकं फोडण्याआधी विचारा.

दोन तासांचा कार्यक्रम तीन कॅमेऱ्यांवर म्हणजे ५४० जीबी. ८ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये असे चौदा बसतात. माझी पहिली भरत आली आहे, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या दोन प्रती ठेवायच्या असल्यामुळे पुढच्या महिन्यात एकदम दोन घेणार आहे.