जुनी प्रोपेन फोर्कलिफ्ट: दुरुस्त करून चालवायची की तिच्या जागी जुनी बॅटरीवाली घ्यायची?

आमचं न्यू जर्सीत किराणा मालाचं गोडाऊन आहे आणि तिथे ५००० पौंड उचलणारी एक जुनी प्रोपेनवाली फोर्कलिफ्ट आहे, मीटरवर ११ हजार तास झालेत. गेल्या जानेवारीत ती रोज सकाळी अर्धा तास चालून बंद पडायला लागली. बाहेरून मेकॅनिक बोलावला, तो पाच मिनिटं बघून म्हणाला इंजिन गेलं, आता हिच्यात पैसे घालू नका, आणि त्याच आठवड्यात एका विक्रेत्याने जुनी बॅटरीवाली दाखवली, आम्ही जवळपास हो म्हणणारच होतो. त्या रात्री मी टॉर्च घेऊन बसलो तर रेग्युलेटरवर पांढरा बर्फ जमलेला दिसला, फ्रीझरमध्ये जमतो तस्सा. गाडी थंड झाल्यावर रेडिएटर उघडला, कूलंट खूप खाली गेलेला, कारण एका होजची क्लॅम्प ढिली. क्लॅम्प बदलली, कूलंट भरला, हवा काढली, आणि ती गाडी आजही माल उचलतेय.

हे मुद्दाम सांगतोय कारण हा निर्णय घेताना बहुतेक लोक गाडी बंद का पडते ह्याच्यावरच अडकतात, आणि प्रोपेनच्या गाडीत नेमकी तीच बाजू सगळ्यात स्वस्त असते. सिलिंडरमधून गॅस द्रवरूपात येतो, रेग्युलेटरमध्ये इंजिनच्या गरम पाण्यावर (म्हणजे कूलंटवर) त्याची वाफ होते. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, वाफ होताना उष्णता ओढून घेतो, म्हणून तिथे गरम पाणी पोचलं नाही की रेग्युलेटर गोठलाच समजा. कूलंट कमी, थर्मोस्टॅट उघडा राहिलेला, कूलंटच्या लाइनमध्ये अडकलेली हवा, एवढं आधी बघा.

बाकीची दुखणीही बहुतेक ह्याच घरातली. रेग्युलेटरमध्ये डांबरासारखं तेलकट साचतं, आतला रबरी पडदा कडक होतो, त्याचं रिपेअर किट मिळतं आणि दुपारभरात काम होतं. व्हॅक्यूमची नळी तडकली की लॉक-ऑफ (गॅस अडवून धरणारा व्हॉल्व्ह) उघडत नाही, मग स्टार्टर फिरतो पण इंजिन घेत नाही. सिलिंडरच्या कपलिंगमधली रबरी रिंग झिजली की वास येतो, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. प्रोपेन पेटवायला ठिणगी जोरदार लागते म्हणून प्लग आणि वायरी पेट्रोलपेक्षा लवकर कुरकुर करतात. आणि सिलिंडर ठेवताना बेल्टखालची पिन त्याच्या भोकात बसलीच पाहिजे, नाहीतर आतली नळी वर जाते, द्रवाऐवजी वाफ यायला लागते आणि अर्धा सिलिंडर शिल्लक असताना गाडी दम टाकते. गॅसच्या लाइनला हात लावायच्या आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, हातात ग्लोव्हज हवेतच, आणि हे काम खड्डा किंवा गटाराजवळ करू नका, प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, खाली जाऊन साचतो.

तेलाचं एक सांगतो. प्रोपेनवर तेल काळं पडत नाही, म्हणून लोक वर्षभर बदलत नाहीत आणि म्हणतात बघा किती स्वच्छ आहे. रंगावर जाऊ नका, २५० तास झाले की तेल आणि फिल्टर बदला. आमच्या गाडीत टोयोटाचं ४वाय इंजिन आहे, २.२ लिटर, टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, अशी इंजिनं तेल-पाणी सांभाळलं तर खूप चालतात.

मग म्हातारी गाडी खरी मोजायची कुठे, तर मास्टवर, म्हणजे पुढच्या माल उचलणाऱ्या उभ्या सांगाड्यावर. साखळीच्या पुलीवरून सतत फिरणाऱ्या भागात, साखळी ताणलेली असताना, १६ कड्या मोजा. पाऊण इंच पिचची (दोन पिनांमधलं अंतर पाऊण इंच) साखळी असेल तर नवीनपणी ते बरोब्बर १२ इंच भरतं. तिथे १२ आणि ३/८ इंच भरले म्हणजे ३ टक्के ताण आला, साखळी बाद. फोर्क, म्हणजे माल उचलणारं पातं, जिथे वळतो त्या टाचेची जाडी कॅलिपरने घ्या आणि उभ्या भागाच्या जाडीशी ताडून बघा, १० टक्के झिजला असेल तर फोर्कची ताकद साधारण २० टक्के उतरलेली असते, तिथे वेल्डिंग करून भागवायचं नाही, जोडी बदलायची. मग थोडा माल उचलून मास्टवर खडूने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा, त्या वेळात खाली कोणी उभं राहायचं नाही. माल सरकत खाली आला तर मास्ट उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरची सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. सील बदलणं परवडतं, पण मास्टचे चॅनेल (उभे लोखंडी खांब) वाकलेत, शिवाय गिअरच्या तेलाला जळका वास आहे आणि गरम झाल्यावर रिव्हर्स पडायला वेळ लागतोय असं सगळं एकत्र असेल, तर मी त्या गाडीत एक डॉलर घालणार नाही, इंजिन कितीही गोड वाजू दे.

आता बॅटरीवाली. आवाज नाही, धूर नाही, तेल-प्लगची कटकट नाही, हे सगळं खरं आहे. पण जुनी बॅटरीवाली घेताना तुम्ही खरं तर बॅटरी विकत घेत असता. ३६ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १८ सेल असतात, पूर्ण चार्ज करून प्रत्येक सेलमधल्या द्रावणाची घनता हायड्रोमीटरने मोजा, पाण्याच्या मानाने १.२८ च्या आसपास पाहिजे, आणि एखाद-दोन सेल बाकीच्यांपेक्षा खाली असतील तर विक्रेता काय वाट्टेल ते सांगू दे, ती बॅटरी थकलेली आहे. नवीन बॅटरीला हजारो डॉलर जातात, कधीकधी गाडीपेक्षा जास्त. हलकी स्वस्त बॅटरी बसवू असा विचार तर करूच नका, तिचं वजन म्हणजेच मागचा काउंटरवेट, पुढच्या मालाचा तोल सांभाळणारा, गाडीच्या प्लेटवर किमान वजन लिहिलेलं असतं, त्याच्या खाली गेलात तर गाडी पुढे उलटेल. शिवाय आठ तास काम, आठ तास चार्जिंग, मग थंड व्हायला वेळ, चार्जिंगच्या जागी हायड्रोजन निघतो म्हणून हवा खेळती पाहिजे, आणि डिस्टिल्ड वॉटर नेमाने. प्रोपेनचा सिलिंडर पाच मिनिटांत बदलून होतो.

एवढं सगळं प्रोपेनच्या बाजूने दिसतं, पण एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हवा. निळ्या ज्योतीने जळतो म्हणजे स्वच्छ, असं लोक धरून चालतात. गॅस आणि हवेचं मिश्रण बिघडलेली प्रोपेनची गाडी भरपूर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडते आणि त्याला वास नसतो. आमच्याकडे थंडीत डॉकची दारं बंद असायची आणि दुपारनंतर दोन पोरांची डोकी दुखायची, आम्ही झोप नाही, चहा नाही अशी कारणं काढत बसलो. शेवटी कार्बन मोनॉक्साइड मोजायचा मीटर आणला तर आकडा ५०च्या वर, आणि इथल्या कायद्यात आठ तासांच्या सरासरीला मर्यादाच ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५०) आहे. मला अजून त्याचं वाईट वाटतं, आठवडाभर आधी आणायला हवा होता. मग एक्झॉस्टला अ‍ॅनालायझर लावून मिश्रण लावून घेतलं, एअर फिल्टर बदलला, दार थोडं उघडं ठेवायचा नियम केला, आकडा खाली आला.

म्हणून माझं मत असं. दिवसातून दोन-तीन तास काम, थोडं आत थोडं बाहेर, पावसात रॅम्पवर, आणि मास्ट-साखळी-गिअर ठीक, तर जुनी प्रोपेन दुरुस्त करा, वर्षाचा खर्च बॅटरीच्या किमतीच्या आसपासही जाणार नाही. गोडाऊन बंदिस्त, छत खाली, माणसं दिवसभर आत, तर बॅटरीवाली घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. खाण्याचा माल उघडा ठेवत असाल तरी तेच. आणि तीन शिफ्ट चालत असतील तर एका जुन्या बॅटरीवर निभणार नाही, तिथे प्रोपेनच, पण छताचे पंखे धरून हिशोब करा.

भोसरी-चाकणच्या ओळखीतले लोक विचारतात की तिकडेही हेच लागू का. मास्ट, साखळी, फोर्कचं सगळं डिझेलच्या गाडीलाही जसंच्या तसं लागू आहे. गॅसचं मात्र नाही, इथे फोर्कलिफ्टला जवळजवळ निव्वळ प्रोपेन येतो, तिकडच्या एलपीजीत ब्यूटेनही असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपासच उकळतो, त्यामुळे मिश्रण तिथल्या गॅसवरच लावून घ्यावं लागेल.

गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघा, खिशात टेप, कॅलिपर, खडू आणि साबणाच्या पाण्याची बाटली असू द्या.