तीन दिवस, एकच स्तोत्र : जालन्याजवळच्या मौन-शिबिराविषयी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जालना शहराबाहेर, मोसंबीच्या बागेला लागून असलेल्या एका लहानशा निवासी केंद्रात तीन दिवसांच्या प्रार्थना-शिबिराला मी जाऊन आलो. राहणे, जेवण आणि छापील पुस्तिका धरून माणशी १२०० रुपये घेतले गेले. आम्ही चोवीस जण होतो आणि त्यांत प्रोटेस्टंट व कॅथलिक असे दोन्ही होते. परत येऊन सहा आठवडे झाल्यावर हे लिहीत आहे, कारण अशा शिबिराचा खरा कस घरी परतल्यावरच लागतो.

मी गेलो त्यामागचे कारण आधी सांगायला हवे. गेली कित्येक वर्षे माझी प्रार्थना म्हणजे विनंत्यांची यादी होऊन बसली होती : मुलाची नोकरी, आईचे गुडघे, आमच्या चर्चच्या मंडळीतील आजारी माणसे, पाऊस. ही नावे देवापुढे ठेवण्यात काहीच चूक नाही, मध्यस्थीवाचून, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागितल्यावाचून, प्रार्थना अपुरीच राहते. पण यादी संपली की ‘आमेन’ म्हणून मी उठत असे, आणि ज्याच्याशी बोललो त्याला काही बोलायचे आहे का, हे ऐकण्यासाठी क्षणभरही थांबत नसे.

शिबिरात तिन्ही दिवस एकच स्तोत्र वाचायला दिले होते, बायबलमधील त्रेसष्टावे. इस्राएलचा राजा दावीद यहूदाच्या रानात असतानाचे हे स्तोत्र असल्याचे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे, आणि निर्जल भूमीत देवाची तहान लागणे म्हणजे काय, हे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वाचनाची रीत जुनी आहे. बाराव्या शतकातील गिगो या कार्थुसी संघातील ख्रिस्ती मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा तिच्या चार पायऱ्या मांडल्या. शिबिर चालवणाऱ्या निवृत्त पाळकसाहेबांनी ती एका वाक्यात सांगितली : जिथे मन अडेल तिथेच थांबा, पुढे जाण्याची घाई करू नका. पहिल्या दिवशी माझे मन कुठेच अडले नाही. तिसऱ्या वाचनाला तर चक्क कंटाळा आला, आणि तो मी पाळकसाहेबांना तसाच सांगितला. ते रोज प्रत्येकाला वीस मिनिटे स्वतंत्र भेटत. या भेटी हा शिबिराचा सर्वांत मोलाचा भाग होता, कारण ज्यांच्या घरी नुकतेच दुःख झालेले आहे त्यांना एवढे मौन एकट्याने पेलवत नाही.

दुसऱ्या रात्री पाळीपाळीने करायची साखळी प्रार्थना होती आणि माझी पाळी दोन ते तीनची होती. त्या भागात तेव्हा शेतीला वीज रात्री येत होती, त्यामुळे शेजारच्या रानात मोटार सुरू होती आणि एक शेतकरी विजेरी घेऊन गव्हाला दारे धरत होता. एका वाफ्याचे तोंड माती ओढून बंद करायचे, दुसऱ्याचे उघडायचे आणि पाणी शेवटापर्यंत पोहोचेस्तोवर उभे राहायचे, एवढेच त्याचे काम चालले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या देवाची आठवण करणारे आणि रात्रीच्या प्रहरी त्याचे मनन करणारे त्या स्तोत्रातील वचनाशी माझे मन तिथे अडले. त्या तासात मी एकही विनंती केली नाही, तरीही तास कधी सरला ते कळले नाही.

सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत टाळ-मृदंगावर भजने होत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्तीला अभंगाची वाट करून दिली, आणि एकनाथांच्या पैठणपासून फार दूर नसलेल्या या मुलखात ती वाट पायांना ओळखीची वाटते.

उणिवाही स्पष्ट सांगतो. तिसऱ्या दिवशी ध्वनिक्षेपक लावून दोन लांबलचक प्रवचने झाली आणि दोन दिवसांत जमलेली शांतता त्यांत विरून गेली. मौनासाठी बोलावलेल्या माणसांना निरोप देण्याची ही रीत नव्हे. पुस्तिकेचे मराठी भाषांतराचे वाटते, काही वाक्ये दोनदा वाचूनही उमगत नाहीत. चोवीस जणांना तीनच स्वच्छतागृहे होती. तान्ही मुले असलेल्या बायकांसाठी काहीच सोय नव्हती, आणि घरात प्रार्थनेला एकांत सर्वांत कमी त्यांनाच मिळतो. जेवण मात्र साधे आणि उत्तम होते : भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी.

घरी टिकले ते रात्रीच्या उजळणीचे वळण. इग्नाती लोयोला या कॅथलिक संताच्या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातून आलेली ही पद्धत पंधरा मिनिटांची आहे : आधी उपकारस्तुती, मग दिवस सकाळपासून डोळ्यांपुढे आणणे, जिथे चुकलो तिथे क्षमा मागणे आणि उद्यासाठी कृपा मागणे. काही प्रोटेस्टंट बांधवांना हे परके वाटले. मला वाटले नाही, कारण त्यात पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, आणि आभार यांखेरीज काहीच नवे नाही. सहा आठवड्यांत चार-पाच रात्रीच ती चुकली आहे. विनंत्यांची यादी आजही आहे, पण ती आता शेवटी येते.

नावनोंदणी आपापल्या मंडळीच्या पाळकांमार्फत होते. जाताना जाड पांघरूण, विजेरी आणि स्वतःचे वापरातले पवित्र शास्त्र न्यावे. तिथे मिळणारी प्रत फार बारीक अक्षरांची आहे.