टोटल लॉस झालेली मॉडिफाय गाडी: देऊन टाकावी की भंगार ठेवावं?

वंटमुरी घाटाच्या उतारावर माझी स्विफ्ट ट्रकखाली घुसली. मला खरचटलंसुद्धा नाही, गाडी मात्र संपली. म्युझिक सिस्टिम धरून आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ५ लाख ६० हजार; वर्कशॉपचं दुरुस्तीचं एस्टिमेट ४ लाख ७० हजार, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर. खर्च त्यापुढे गेला की गाडी दुरुस्त न करता 'टोटल लॉस' धरतात, ते ठरायला वेळ लागला नाही. डोकं खाल्लं ते पुढच्या प्रश्नानं: गाडी विमा कंपनीला देऊन पूर्ण रक्कम घ्यायची, की भंगाराची किंमत वजा करून सांगाडा घरी आणायचा?

देऊन टाकणं सुटसुटीत. हजाराची सक्तीची कपात सोडली तर पैसे पुरे मिळतात. गाडीवर कर्ज असेल तर मीही हेच सुचवेन, कारण आधी बँक आपले पैसे घेणार. फक्त गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करताना हात आखडा. केए-२२ची, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी कोल्हापूरच्या भंगारवाल्यानं नेली आणि नावावर करूनच घेतली नाही, तर नोटिसा तुमच्या दारात. आरसीचं काय करणार, ते लेखी घ्या.

आता माझं दुखणं. अलॉय चाकं, सस्पेन्शन, स्पोर्ट्स सीट, असा दीड लाखाचा हौसेचा मामला गाडीत होता. किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम भरून पॉलिसीत नोंदवली होती ती फक्त म्युझिक सिस्टिम. बाकीचं नुकसान मोजायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरनं शून्य धरलं. चूक माझी, गप्प बसलो. पण भंगारवाल्यांकडून कंपनीनं मागवलेली बोली, म्हणजे माझ्या रकमेतून कापायची भंगाराची किंमत, आली १ लाख ३८ हजार, आणि बोलीसाठी पाठवलेल्या फोटोंत अलॉय नुसते चमकत होते! कंपनीला फोन लावला, म्हटलं, "सर, द्यायच्या वेळी अलॉय शून्य, आणि कापायच्या वेळी त्याचे पैसे कसे ओ?" पलीकडून जरा वेळ आवाजच नाही.

मग ईमेल केला: पॉलिसीत नसलेले पार्ट वगळून बोली घ्या. माळ्यावरची मूळ चाकं आणि सीट नेऊन बसवली, नवे फोटो काढायला लावले. आठवडा गेला, वर्कशॉपनं पार्किंगचं भाडं लावलं. नवी बोली आली १ लाख ५ हजार. फोनवर कितीही भांडलो असतो तरी ३३ हजार सुटले नसते; लिहून दिलं म्हणून सुटले, असं मला वाटतं. लेखी तक्रारीला महिनाभरात दाद मिळाली नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येतं. तेवढी वेळ आली नाही.

गाडी देऊन टाकतानाही पार्ट काढून घेता येतात म्हणा. पण वर्कशॉपात आपल्याला कोण पाना हातात देतो? चाकं निघतात, सस्पेन्शन जातं. मी सांगाडा टेम्पोत घालून घरी आणला आणि मेस्त्रीला बसवून सावकाश सोडवला. आरसी रद्द करायला आरटीओच्या खेपा मात्र मलाच घालाव्या लागल्या. कायद्यानं गाडी निकामी झाल्याचं १४ दिवसांत कळवायचं असतं, ते विसरू नका. मॉडिफिकेशन नावापुरतंच असेल तर एवढा खटाटोप करू नये.

माझे अलॉय निपाणीच्या एका पोरानं २२ हजारांना नेले. स्पोर्ट्स सीट अजून माळ्यावरच आहेत. बायको रोज विचारते, कधी विकताय?