पाणी तपासायचं किट आणि त्यातली संज्ञांची पुस्तिका, दोन महिने वापरल्यावर

पर्यावरणाचा अभ्यास करताना माझं घोडं कायम शब्दांपाशीच अडायचं. डीओ, बीओडी, सीओडी, अल्कता, सुपोषण, सगळ्याच्या व्याख्या पाठ व्हायच्या आणि चार दिवसांनी परत सरमिसळ. म्हणून हे किट घेतलं, कारण यात नुसत्या बाटल्या नाहीत तर मराठी संज्ञांची पुस्तिका येते आणि कुठला शब्द कुठल्या बाटलीत दिसणार ते शब्दापुढेच लिहिलेलं असतं.

सगळ्यात भारी भाग डीओचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा. पद्धत विंकलरची, १८८८ सालची, अजूनही चालते. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये, मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीतलं आयोडाइड सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका ढगासारखा हळूहळू खाली बसतो, नसेल तर पांढराच राहतो. ॲसिड घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं, थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडत रंग फिकट करायचा, मग स्टार्च टाकला की गडद निळं, आणि शेवटच्या एका थेंबाला तो निळा रंग झटकन जातो. थेंब मोजले की डीओ हातात. ॲसिड आणि अल्कली दोन्ही कातडी भाजणारी आहेत, त्यामुळे सोबत येणारे पातळ हातमोजे मला अजिबात पुरेसे वाटले नाहीत, जाड घ्या आणि चष्मा लावाच.

मी एका हिरव्यागार तळ्याचं पाणी एकाच दिवशी दोनदा तपासलं, पहाटे २ मिग्रॅ प्रति लिटर आणि दुपारी ११! मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, कारण ३० अंशाला पाणी हवेतून साधारण साडेसातच मिग्रॅ ऑक्सिजन धरतं. पुस्तिकेत सुपोषणाचं, म्हणजे पाण्यात पोषकद्रव्यं जास्त झाल्याचं, पान उघडलं तर तिथे हेच समजावलेलं, दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळे जीव तो वापरत राहतात, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. नायट्रेट-फॉस्फेट जास्त झालं की शेवाळ वाढतं, ते मेलं की कुजवणारे जिवाणू उरलेला ऑक्सिजन खातात, ही साखळी मी दहा वेळा वाचली होती पण त्या दोन आकड्यांनी ती पहिल्यांदा डोक्यात बसली.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, तोही छान सांगितलाय. पहिल्या दिवशीचा डीओ, मग बाटली अंधारात २० अंशाला ५ दिवस, मग परत डीओ, मधला फरक म्हणजे जिवाणूंनी खाल्लेला ऑक्सिजन, आणि पाणी फार घाण असेल तर आधी पातळ करा नाहीतर ऑक्सिजन मधेच संपेल, हेही स्पष्ट दिलंय. सीओडीची, म्हणजे तीच घाण रसायनांनी जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याची, चाचणी मात्र दिलेली नाही, ते बरंच झालं, डायक्रोमेट आणि गरम सल्फ्युरिक ॲसिड घरात कोणी हाताळू नये. अल्कता आणि अल्कधर्मी यातला फरकसुद्धा इथेच कळला, अल्कधर्मी आहे की नाही हे पीएचवरून कळतं, ती पाण्याची आत्ताची अवस्था, आणि अल्कता म्हणजे ॲसिड पडल्यावर ते किती झेलू शकतं ती ताकद. जैवसंचय म्हणजे विष एका जिवाच्या शरीरात साठणं आणि जैवविशालन म्हणजे ते अन्नसाखळीत वरवर वाढत जाणं, यासाठी जपानमधल्या मिनामाताचं, जिथे कारखान्यातला पारा माशांतून माणसांत गेला, उदाहरण घेतलंय, ते चपखल आहे.

आता जे मला खरंच खटकलं ते. नायट्रेटच्या रंगांच्या तक्त्यावर आकडे आहेत ते नायट्रेटमधल्या नायट्रोजनचे, तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलंय, आणि पुस्तिकेत मर्यादा दिलीय ५० मिग्रॅ, जी जागतिक आरोग्य संघटनेची आहे पण अख्ख्या नायट्रेटची! माझं विहिरीचं पाणी १२ आलं, मी निश्चिंत झाले, ५० च्या मानाने काहीच नाही असं वाटलं. दोन दिवसांनी तळाची ओळ दिसली. नायट्रोजनचं नायट्रेट करायला ४.४३ ने गुणायचं, म्हणजे १२ चे झाले ५३, मर्यादेच्या वर. जास्त नायट्रेटचं पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोक्याचं असतं, रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता कमी होते. संज्ञा शिकवायला निघालेल्या किटनेच एका शब्दाचे दोन अर्थ सरमिसळ करावेत हे मला अजिबात मान्य नाही. कंपनीला फोटोसकट कळवलंय, अजून उत्तर नाही.

बाकी रंग दिवसाच्या उजेडातच जुळवा, पिवळ्या बल्बखाली गुलाबी छटा हमखास चुकतात. काळी पडणारी जिवाणूंची बाटली ठीक आहे, पाणी दूषित असण्याची शक्यता सांगते, नेमका कुठला रोगजंतू ते नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. डीओ आणि बीओडी हाताने शिकायचं असेल तर जरूर घ्या. आणि ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी आजच नायट्रेटच्या तक्त्यावर मार्करने मोठ्ठं 'गुणिले ४.४३' लिहा, मी लिहिलंय.