वही, व्हिडिओ की थेट टॅब्लेट? डिजिटल चित्रकलेचे इंग्रजी शब्द कुठून शिकावेत

दहावीपर्यंत मराठी माध्यम, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ग्रेड परीक्षा झालेल्या, हाताला छान वळण, आणि आता घरात पहिला ड्रॉइंग टॅब्लेट येणार. लालबागला राहणारी माझी भाची नेमकी या टप्प्यावर आहे. सॉफ्टवेअर उघडलं की इंग्रजी शब्दांची रांगच समोर उभी राहते आणि चित्र बाजूलाच राहतं. "मामा, आधी शब्द पाठ करू, व्हिडिओ बघू, की सरळ काढायलाच बसू?" असं तिनं विचारलं. मी या तिन्ही वाटांनी गेलोय. माझ्या मते शब्द कुठल्या कामाचा आहे, त्यावरून वाट ठरवावी.

खरेदीचे शब्द असतील तर वहीच बरी. हे मी पैसे घालवून शिकलो. पहिला टॅब्लेट घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो तेव्हा खोक्यावर 'पेन टॅब्लेट' लिहिलेलं वाचलं आणि त्यावर चित्र दिसणार असं धरून चाललो. दुकानदारानं सांगितलं नाही, मला विचारायचं सुचलं नाही. घरी येऊन उघडलं तर आत स्क्रीनच नव्हती, नुसती काळी पाटी. पेन टॅब्लेट म्हणजे हीच पाटी: ती कॉम्प्युटरला जोडायची, नजर मॉनिटरवर ठेवायची आणि हात खाली चालवायचा. ज्याच्या स्क्रीनवरच काढता येतं तो पेन डिस्प्ले, आणि त्यालाही बहुतेक वेळा कॉम्प्युटर लागतोच. आयपॅडसारखं यंत्र स्वतंत्र चालतं, तो तिसरा प्रकार.

असे आठ-दहा शब्द दुकानात जाण्याआधीच पाठ हवेत. 'अ‍ॅक्टिव्ह एरिया' म्हणजे पेन जिथे चालतं तेवढीच जागा, पाटीचा पूर्ण आकार नव्हे. 'प्रेशर लेव्हल' म्हणजे हाताचा दाब यंत्र किती पायऱ्यांत ओळखतं ते: २०४८, ४०९६, ८१९२, दर वेळी दुप्पट. (माझ्या हाताला तरी ४०९६ च्या पुढे फरक कळत नाही, त्यामुळे निव्वळ त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.) 'पॅरलॅक्स' म्हणजे पेनाचं टोक एकीकडे आणि रेघ जराशी दुसरीकडे दिसणं. वरची काच आणि स्क्रीन यांच्यात पोकळी असली की हे जास्त जाणवतं, 'लॅमिनेटेड' स्क्रीनवर कमी. आणि 'ड्रायव्हर' म्हणजे कॉम्प्युटरला टॅब्लेटची ओळख करून देणारं सॉफ्टवेअर. ते नीट बसलं नाही तर कितीही दाबा, रेघ सारख्याच जाडीची उमटते, आणि आपण उगाच यंत्राला दोष देतो. वहीत एका पानावर मावणारं काम, एका संध्याकाळचं.

चित्र काढतानाच्या शब्दांना मात्र वही पुरत नाही. शब्दकोशात 'ओपॅसिटी'ला अपारदर्शकता आणि 'फ्लो'ला प्रवाह सापडेल. पाठ करा आणि ब्रश हातात घ्या, दोन्हींतला फरक तरीही कळणार नाही. त्यापेक्षा ओपॅसिटी ३० वर ठेवा, फ्लो १००. पेन न उचलता एकाच जागी पुढेमागे फिरवा. रंग एका छटेपर्यंत येऊन थांबतो. पेन उचलून पुन्हा टेकवलं तरच दुसरा थर चढतो. आता उलट करा, ओपॅसिटी १०० आणि फ्लो ३०. पेन टेकलेलंच ठेवून फिरवलं तरी रंग दर फेरीला दाट होत जातो. जलरंगाचा एक हात सुकू देऊन त्यावर दुसरा देणं, आणि ओल्यावरच रंग सोडत राहणं, असा साधारण हा फरक. ग्रेड परीक्षा दिलेल्या मुलीला तो आधीच माहीत असतो, फक्त नाव नवं.

काही शब्द तर चकवतात. 'हार्डनेस' म्हटल्यावर आपल्याला एच आणि बी पेन्सिली आठवतात, पण इथे तो ब्रशच्या कडेबद्दल आहे: कड धारदार की विरलेली. 'डॉज' आणि 'बर्न' हे शब्द छायाचित्रांच्या डार्करूममधून आले. छपाईच्या कागदावर पडणारा प्रकाश अडवला की तो भाग उजळ राहतो, जास्त पडू दिला की काळवंडतो. हे माहीत नसेल तर 'चुकवणे' आणि 'जाळणे' या अर्थांचं करायचं काय? 'मल्टिप्लाय' मात्र शब्दशः गुणाकारच आहे. सॉफ्टवेअरमध्ये चित्र पारदर्शक कागदांसारख्या एकावर एक थरांत ('लेयर') काढतात, आणि वरच्या थराचा रंग खालच्याशी मिसळण्याची ही एक पद्धत. काळा शून्य, पांढरा एक, मधला राखाडी अर्धा. अर्धा गुणिले अर्धा म्हणजे पाव, म्हणून सावली नेहमी गडदच होते आणि वरच्या थरातला पांढरा नाहीसा होतो.

मराठी-हिंदी व्हिडिओंचं मोल मी कमी लेखणार नाही. शब्द वाक्यात कानावर पडतो, उच्चाराची भीती जाते, आणि सुरुवात कुठून करायची ते कळतं. अडचण अशी की शिकवणारा 'हे इथलं दाबा, मग ते घ्या' म्हणत पुढे सरकतो. आपल्या लक्षात बटणाची जागा राहते, नाव राहत नाही. पुढच्या आवृत्तीत बटण हललं की सगळं गेलं. लोकलमध्ये बसून पाहिलेल्या व्हिडिओचं तर घरी पोचेपर्यंत फारसं काही उरत नाही, कारण हात रिकामा असतो.

थेट इंग्रजी सॉफ्टवेअरमध्ये बसणं सगळ्यांत संथ, तासाला चार शब्द झाले तरी खूप. पण तेच शब्द टिकतात. 'स्टॅबिलायझर' मला असाच कळला. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करताना मूर्तिकार श्वास रोखून एका ओघात रेघ ओढतो. स्टॅबिलायझर वाढवला की थरथरत्या हाताची रेघही तशीच सलग येते, फक्त पेनाच्या किंचित मागून. फार वाढवला तर ती आपली वाटत नाही.

एकट्यानं शिकण्यात धोकाही आहे. 'अल्फा लॉक' आणि 'क्लिपिंग मास्क' मला कितीतरी दिवस एकच वाटायचे, कारण दोन्हींनी रंग आकाराबाहेर जात नाही. एका कामात साडीचे काठ मी अल्फा लॉक लावून रंगवले. ग्राहकानं काठ बदलायला सांगितले तेव्हा कळलं, की तो रंग साडीच्याच थरात मिसळलाय. क्लिपिंग मास्कमध्ये तो वरच्या वेगळ्या थरावर राहिला असता. रात्रभर सगळी साडी पुन्हा रंगवली. समोर बसून फाइल तपासणारा कुणी असता तर हे पाच मिनिटांत सुटलं असतं. क्लास लावायचा तर एवढ्यासाठीच लावावा, शब्द शिकण्यासाठी नको.

भाचीला मी असं सांगितलं: खरेदीची यादी या रविवारी पाठ कर. टॅब्लेट आला की क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर घे, ते मोफत आहे, आणि त्याची भाषा इंग्रजीच ठेव. व्हिडिओ बघ, पण नवा शब्द आला की थांबव आणि तो करून बघ. एक फाइल फक्त शब्दांसाठी ठेव. दर शब्दाला एक थर, थराला त्या शब्दाचं नाव, आणि त्यावर आधीचे-नंतरचे दोन फटकारे. परवा तिनं पहिला थर पाठवला. नाव 'फ्लो', आणि खाली निळ्या रंगाचा पट्टा, डावीकडे फिकट, उजवीकडे दाट होत गेलेला.