जमीन, वाट की राखण? एखाद्या प्रदेशाच्या निसर्गासाठी देणगी देण्याआधी

एखाद्या डोंगररांगेसाठी, नदीखोऱ्यासाठी किंवा किनाऱ्यासाठी तुम्ही पैसे बाजूला काढले आहेत. तिथलं रान टिकावं आणि माणसांना तिथे चालता, चढता, पोहता यावं, अशा दोन्ही इच्छा मनात आहेत. रक्कम कुटुंबाची असेल, कंपनीची असेल किंवा मित्रांनी मिळून जमवलेली असेल. आता ठरवायचं ते इतकंच: पैसे कशावर घालायचे आणि कोणाच्या हातून घालायचे. पहिला निर्णय जास्त अवघड आहे, म्हणून बराच वेळ त्यालाच देतो.

'कशावर' याची ढोबळ उत्तरं तीन. जमीन विकत घेऊन कायमची राखून ठेवायची. लोकांसाठी पायवाटा, पूल, मुक्कामाच्या जागा उभ्या करायच्या. किंवा जे आधीच आहे त्याची राखण आणि डागडुजी चालू ठेवायची. अनुदानाच्या अर्जांत पहिली दोन कामं ठळक मथळ्यांनी येतात, तिसरं बहुधा 'इतर खर्च' या रकान्यात दडलेलं असतं. माझा कल तिसऱ्याकडे आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

जमीन

जमिनीच्या बाजूने एकच मुद्दा पुरेसा आहे: ती एकदा गेली की गेली. वाट पुढच्या वर्षी बांधता येते. तोडून, सपाट करून, तिथे घरं उभी राहिलेलं रान परत मिळत नाही. म्हणून धोका खरोखर दारात आलेला असेल, तर जमिनीचं पारडं जड होतं.

पण जमीन घेतली म्हणजे काम झालं, असं समजू नका. जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी १९२७ पासून अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, टेटन डोंगरांच्या पायथ्याशी, जवळपास ३५,००० एकर जमीन घेतली. भाव चढू नयेत म्हणून खरेदी 'स्नेक रिव्हर लँड कंपनी' या नावाने केली. खरा खरेदीदार कोण हे उघड झालं तेव्हा स्थानिक पशुपालक आणि पुढारी खवळले. सरकारला फुकट मिळणारी ही जमीन स्वीकारायला कित्येक वर्षं राजकीय बळ मिळेना. अखेर १९४९ मध्ये ती हस्तांतरित झाली आणि १९५० मध्ये ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यान आजच्या विस्ताराचं झालं. पैसा होता, जमीन होती, हेतू चांगला होता. शेजाऱ्यांचा विश्वास तेवढा नव्हता, आणि त्यापायी दोन दशकं गेली.

याच्या शेजारी अमेरिकेतल्याच मेन नावाच्या राज्यातली गोष्ट ठेवून बघा. रॉक्सन क्विम्बी या उद्योजिकेने लाकूड कंपन्यांकडून जंगलाचे मोठे तुकडे घेतले आणि सुरुवातीला तिथे शिकारीला आणि बर्फावरच्या मोटरगाड्यांना बंदी घातली. पिढ्यानपिढ्या तिथे जाणाऱ्या लोकांचा संताप झाला. पुढे भूमिका बदलली. त्यांच्या मुलाने गावोगावी बसून लोकांचं ऐकून घेतलं आणि काही भाग या वापरांसाठी पुन्हा मोकळा झाला. २०१६ मध्ये सुमारे ८७,५०० एकर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून (अमेरिकेत संरक्षित निसर्गभागालाही असं म्हणतात) देशाला मिळाली. त्यातही तिथल्या नदीच्या पूर्वेकडच्या भागात शिकारीला मुभा राहिली. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. जमिनीसोबत २ कोटी डॉलरचा अक्षयनिधी दिला गेला आणि आणखी २ कोटी उभे करण्याचं वचनही. जमीन देणारे पुष्कळ असतात. तिला सांभाळायचा खर्च बरोबर देणारे थोडे.

मोठा दाता असाल तर जमिनीचा आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे सरकारला पुढे ओढण्याचा. डग्लस आणि क्रिस्टीन टॉम्पकिन्स या अमेरिकन दांपत्याने चिलीच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं जमीन घेतली. सुरुवातीला त्यांच्याबद्दल अतोनात संशय होता. परक्या माणसाला देशाचा एवढा भाग कशाला हवा, हा प्रश्न रास्तच होता. शेवटी २०१८ मध्ये त्यांच्या बाजूची सुमारे ४ लाख हेक्टर आणि चिली सरकारने स्वतःची घातलेली सुमारे ३६ लाख हेक्टर मिळून नवी उद्यानं झाली आणि जुन्यांचा विस्तार झाला. खाजगी देणगीच्या नऊपट जमीन सार्वजनिक बाजूने आली. पण ही गोष्ट दशकांच्या धीराची आणि प्रचंड भांडवलाची आहे. तीन वर्षांत निकाल हवा असेल तर या वाटेला जाऊ नका.

कमी पैशात जमीन वाचवण्याचा एक मधला मार्गही आहे. मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो. फक्त तिथे बांधकाम करण्याचा, तुकडे पाडण्याचा हक्क तो करार करून सोडतो. करार पुढच्या मालकांनाही बांधतो. अमेरिकेत याला कॉन्झर्व्हेशन ईझमेंट म्हणतात. पूर्ण किंमत मोजावी लागत नाही, शेती चालू राहते. दोन अडचणी मात्र ध्यानात ठेवा. करारात स्पष्ट लिहिलं नसेल, तर लोकांना आत जायचा हक्क मिळत नाही. म्हणजे फिरण्याची सोय तुमच्या हेतूत असेल तर तेवढ्यासाठी वेगळं बोलावं लागेल. दुसरं, कराराचा भंग होतोय का हे बघायला दरवर्षी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन यावं लागतं, आणि भंग झाला तर वकील उभा करावा लागतो. चांगल्या संस्था यासाठी करार होतानाच निधी बाजूला ठेवतात. तसा निधी नसलेल्या संस्थेला करार सोपवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दाराशीच ठेवणं.

वाट

वाटेवर घातलेले पैसे लवकर दिसतात. लोक चालू लागतात, त्यांना त्या जागेचा लळा लागतो, आणि लळा लागलेली माणसं पुढे तिच्यासाठी भांडतात. हा फायदा खरा आहे.

पण वाटेची पहिली शत्रू माणसांची पावलं नसून पाणी आहे. उतारावरून सरळ खाली उतरणारी वाट पहिल्या जोरदार पावसात ओहोळ होते, ओहोळाची घळ होते, आणि लोक घळ टाळायला बाजूच्या गवतावरून चालू लागतात. वाट आखणाऱ्यांचा एक साधा ठोकताळा आहे: वाटेचा चढ हा डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता तिला आडवं ओलांडून निघून जातं. हे अर्जात शोधा. नकाशा आहे, उतार मोजलाय, पाणी कुठे काढायचं ते दाखवलंय, तर तो अर्ज कामाच्या माणसाने लिहिलाय. नुसतेच फलक, कमानी आणि बाकडी असतील, तर थांबा.

दुसरा मुद्दा जरा कटू आहे. आपण पायी जातो, म्हणजे आपण निरुपद्रवी, ही समजूत टिकत नाही. माणसांच्या निसर्गात फिरण्या-खेळण्याचा प्राण्यांवर काय परिणाम होतो याचे २७४ शोधनिबंध तपासणारा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९३ टक्क्यांहून अधिक निबंधांत काही ना काही परिणाम आढळला, आणि नोंदलेल्या परिणामांपैकी ५९ टक्के प्रतिकूल होते. इंजिनाशिवायच्या फिरण्याने होणाऱ्या त्रासाचे पुरावे इंजिनवाल्या फिरण्यापेक्षाही जास्त वेळा मिळाले. म्हणून वाट कुठून जाते हा प्रश्न ती किती लांब आहे यापेक्षा मोठा. रानाच्या कडेने जाणारी, विणीच्या काळात काही टप्पे बंद ठेवणारी वाट एक; गाभ्यातून आरपार जाणारी दुसरी. किलोमीटर सारखे असले तरी दोन्हींची किंमत सारखी नाही.

मात्र 'नवी वाट नकोच' असंही मी म्हणणार नाही. लोक तर येतातच. आखलेली वाट नसेल तिथे ते दहा वाटा पाडतात. अशा ठिकाणी एक नीट बांधलेली वाट आणि बाकीच्या नऊ बंद करून तिथे गवत परत आणणं, हे संवर्धनाचंच काम आहे. अर्जात नव्या वाटेबरोबर जुन्या आडवाटा मिटवण्याचा खर्च धरलेला असेल, तर माझं मत लगेच अनुकूल होतं.

राखण

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये 'फिक्स द फेल्स' नावाचा उपक्रम चालतो. डोंगरावर चालणाऱ्यांची गर्दी आणि पाऊस यांनी तिथल्या वाटा इतक्या झिजल्या की काही ठिकाणी दुरून पांढरे ओरखडे दिसत. जिथे फार झीज झालीय तिथे हेलिकॉप्टरने दगड वर नेऊन ते एकेक बसवावे लागतात. पण तिथलं मला सर्वांत भावलेलं काम अगदी साधं आहे. स्वयंसेवक ठरलेल्या वाटेवरून फावडं घेऊन जातात आणि पाणी काढणाऱ्या चरांतली माती उपसतात. चर वेळेवर मोकळा केला तर दगड वर न्यायची वेळच येत नाही. हे काम कोणत्याही उद्घाटनाच्या फोटोत मावत नाही, आणि म्हणूनच त्याला देणगीदार मिळत नाही.

स्वयंसेवक म्हणजे फुकटचं काम, हाही गैरसमज काढून टाकावा. ॲपलाचियन ट्रेल या अमेरिकेच्या पूर्वेकडच्या लांब पायवाटेची कल्पना बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये मांडली. वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली. सुमारे ३,५०० किलोमीटर, १४ राज्यांतून. आजही तिची देखभाल मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात, पण त्यांना एकत्र बांधणारी संस्था १९२५ पासून उभी आहे. करवत चालवायचं प्रशिक्षण, हत्यारं, विमा, कामांची आखणी, जमीनमालकांशी बोलणं, हे पगारी माणसांशिवाय होत नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन चक्रीवादळाने या वाटेचा दक्षिणेकडचा बराच भाग पडलेल्या झाडांखाली गाडला. असं काही झालं तर संस्था आधीपासून उभी असावी लागते. त्या दिवशी ती उभारता येत नाही.

राखणीसाठी पैसे द्यायचे दोन प्रकार आहेत. एक, अक्षयनिधी. मुद्दल न मोडता वर्षाला साधारण ४ टक्के वापरायचे म्हटलं तर वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम लागते. हा आकडा ऐकून लोक दचकतात. दुसरा प्रकार छोट्या दात्याला जमणारा: तीन ते पाच वर्षांचं, कशावर खर्च करायचं ते संस्थेवर सोपवलेलं अनुदान. एका वर्षाच्या प्रकल्पाला दिलेल्या पैशातून चांगला माणूस नेमता येत नाही, कारण अकराव्या महिन्यात तो दुसरी नोकरी शोधू लागतो. हाच पैसा पाच वर्षांत विभागून दिला तर त्याच रकमेत जास्त काम होतं, असं माझं ठाम मत आहे.

कोणाच्या हातून

एखादी संस्था तुमच्या ओळखीची असेल, तिचा ताळेबंद तुम्ही वाचला असेल, तर थेट तिलाच द्या. मध्ये कोणी नको.

स्वतःचं फाउंडेशन काढायचा मोह होतो. ताबा पूर्ण तुमचा, नाव तुमचं. पण हिशेब, लेखापरीक्षण, विश्वस्तांच्या बैठका, सगळं तुमच्याच माथी. अमेरिकेत अशा खाजगी फाउंडेशनला आपल्या गुंतवणुकीच्या साधारण ५ टक्के रक्कम दरवर्षी वाटावीच लागते. डोनर ॲडव्हाइज्ड फंड यापेक्षा हलका आहे. पैसे एका मोठ्या संस्थेकडे ठेवायचे, कुठे द्यायचे त्याची शिफारस आपण करायची. पण तिथे दरवर्षी वाटलंच पाहिजे असं अमेरिकन कायद्यात बंधन नाही. करसवलत आज मिळते, आणि रान मात्र वाट बघत राहू शकतं. हा मार्ग घेतलात तर स्वतःलाच एक मुदत लिहून द्या.

एका प्रदेशापुरतं बघायचं असेल तर कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे अनेक दात्यांचे पैसे स्थानिक मंडळाने त्या भागासाठी सांभाळायची संस्था, मला सर्वांत जवळचं वाटतं. पहिलं १९१४ मध्ये क्लीव्हलँडमध्ये निघालं. त्यामागचे बँकर फ्रेडरिक गॉफ यांना एक काळजी होती: मृत्युपत्रांत ठेवलेले पैसे काळ बदलला तरी निरुपयोगी झालेल्या हेतूंना बांधलेले राहतात. स्थानिक मंडळाने हेतू काळाप्रमाणे बदलावा, अशी सोय त्यांनी केली. तुमच्या देणगीपत्रातही ती ठेवा. ज्या पाणथळ जागेसाठी आज देताय ती ५० वर्षांनी तिथेच असेल, असं धरून चालू नका.

कंपन्यांसाठी दोन नमुने बघण्यासारखे आहेत. 'वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट' २००२ पासून सभासद कंपन्यांना नफ्याचा नाही तर विक्रीचा १ टक्का द्यायला लावतं. तोट्याच्या वर्षातही द्यावा लागतो, म्हणून हे वचन वजनदार आहे. 'द कॉन्झर्व्हेशन अलायन्स' १९८९ मध्ये भटकंतीचं सामान विकणाऱ्या चार कंपन्यांनी सुरू केलं. तिथे सभासदांचे पैसे एकत्र होऊन जमीन आणि पाणी वाचवणाऱ्या मोहिमांना जातात. छोट्या कंपनीला अर्ज तपासायला माणूस ठेवणं परवडत नसेल तर असं एकत्र येणं चांगलं.

राखणीकडे माझा कल असूनही एका प्रसंगी मी जमिनीकडे वळेन: तुकडा विक्रीला निघालाय, मुदत ठरलेली आहे आणि सरकारी पैसा दोन वर्षांनी येणार आहे. पण तिथेही देणगीच द्यावी असं नाही. कर्ज देता येतं. १९८५ मध्ये सुरू झालेला अमेरिकेतला 'द कॉन्झर्व्हेशन फंड' असा फिरता निधी चालवतो. जमीन आधी घ्यायची, सरकारी पैसा आला की परतफेड. संस्थेशी लेखी करार करून तुम्हीही हे करू शकता. पैसे परत आले की तेच त्या जमिनीच्या राखणीला लावा. करार लिहितानाच हे दुसरं कलमही त्यात घाला.